बॉनेट गरम होतं

"इंजिन सुरू करू नका," गाडी विकत घ्यायला येणारे बेख्टोल्ड, जर्मन रीतीनं हेर बेख्टोल्ड, फोनवर म्हणाले होते. "मी येईपर्यंत कुणी गाडीला हात लावायचा नाही. मला ती थंडगार हवी. गरम इंजिन काय वाट्टेल ते लपवतं."

"बरोबर आहे," सिल्के म्हणाली होती. पंधरा वर्षांपूर्वी ही गाडी विकत घेताना तिनंही समोरच्याला हेच बजावलं होतं. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. गिअर बनवणाऱ्या कारखान्यात चाकांचे दाते मोजायच्या कामावर ती लागली होती आणि केसाच्या जाडीचा फरक बोटानं सांगू शकते म्हणून फोरमन तिला नव्या लोकांसमोर उभं करायचा. गाडी गडद हिरवी, कापडी छपराची, दोन सीटांची. नंबराची पाटी एप्रिल ते ऑक्टोबर एवढेच महिने रस्त्यावर आणायच्या परवानगीची. हिवाळाभर गॅरेजमध्ये पांघरूण घेऊन झोपायची. एक एप्रिलला सिल्के कारखान्यातून रजा घ्यायची आणि आल्बच्या डोंगरावरची सगळी वळणं एकदा वर, एकदा खाली करून यायची. योखेनशी लग्न ठरलं तेव्हा तिनं त्याला स्पष्ट सांगितलं होतं, "बाकी सगळ्यावर बोलू. गाडीवर नाही."

मार्लेने झाली तरी ते जमून गेलं. शेजारच्या सीटची एअरबॅग बंद करता यायची, तिथं मुलीची सीट घट्ट बसायची. कानावर टोपी बांधलेली मार्लेने डोंगराच्या प्रत्येक वळणावर "पुन्हा!" म्हणून ओरडायची. मग गेल्या सप्टेंबरात हन्नेस झाला. योखेनच्या आईनं दवाखान्यातच हिशेब मांडला. "दोन मुलं, दोन सीटा. चालवणार कोण गं, मार्लेने?"

सगळे हसले. सिल्केही हसली. आपण हसतोय हे तिला कळत होतं, म्हणजे गालांची हालचाल कळत होती. दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर ओठ जसा आपला वाटत नाही, तसं काहीसं. तो ओठ संध्याकाळपर्यंत परत येतो. हे सात महिने झाले तरी आलं नव्हतं. ती मुलांना वेळेवर भरवत होती, आंघोळ घालत होती, इमारतीतल्या झाडलोटीची तिची पाळी असेल त्या शनिवारी जिना आणि फुटपाथ झाडत होती. कुणाला काही कमी पडत नव्हतं. मधूनच एखादी गोष्ट हातून निसटायची. दुधाचा डबा धुण्याच्या मशीनमध्ये सापडायचा, किंवा मार्लेनेला बालवाडीत सोडून आल्यावर तिला सोडलं की नाही हे आठवायचं नाही आणि मग रिकामी खुर्ची बघून ताडावं लागायचं.

मार्चमध्ये योखेन म्हणाला, "गाडी विकू या का?"

"विकू," सिल्के म्हणाली.

तो अडखळला. मग म्हणाला, "नाही, म्हणजे गॅरेजमध्ये जागा होईल. मोठी गाडी बाहेर गारठते. मुलांची सायकल, ती ढकलगाडी..."

"हो, विकू ना."

त्यानं जाहिरात लिहिली आणि टाकण्याआधी तिला दाखवली. 'मुलांमुळे विकणे आहे. मालकीणबाईंची जिवापाड जपलेली.' सिल्केनं ती दोनदा वाचली आणि टायरचा नंबर चुकला होता तो दुरुस्त करून फोन त्याला परत दिला.

"बाकी ठीक?" त्यानं विचारलं.

"बाकी ठीक."

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी अकरा वाजता हेर बेख्टोल्ड आले. साठीकडे झुकलेले, शाळेत देखभालीचं काम करणारे, हाइलब्रोनहून सकाळीच निघालेले. त्यांच्या पिशवीत टॉर्च होता, दांडीला लावलेला छोटा आरसा होता, रंगाची जाडी मोजायचं यंत्र होतं आणि गुडघ्याखाली घ्यायला घडी केलेला टॉवेल. योखेननं गॅरेजचं दार वर ओढलं. सिल्केच्या कडेवर हन्नेस, पायाशी मार्लेने. पाहुण्यांनी नमस्कार केला, पिशवी खाली ठेवली, आणि गाडीकडे नीट बघायच्याही आधी बॉनेटवर तळहात टेकवला.

"आई, गाडीला ताप आलाय का?" मार्लेने म्हणाली.

हेर बेख्टोल्डनी हात काढला नाही. "हो बाळ," ते म्हणाले. "चांगलाच आलाय." मग मोठ्यांकडे वळून, "मी फोनवर काय सांगितलं होतं?"

योखेन दाराची साखळी चाचपत होता.

"मला वाटतं तुम्ही सज्जन माणसं आहात," हेर बेख्टोल्ड म्हणाले. "पण हे असं कोण करतं, ते मला माहीत आहे. थंड असताना सुरू व्हायला कुरकुरते, निळा धूर सोडते, म्हणून आधी फिरवून आणायची. मी दोनदा फसलोय असा. तिसऱ्यांदा नाही."

"ती धूर सोडत नाही," सिल्के म्हणाली.

"मग गरम कुणी केली?"

सिल्केनं सकाळ आठवायचा प्रयत्न केला. पाचला हन्नेस उठला होता. मग पुन्हा सहाला. मग दहा वाजून गेल्यावर टेबलावर पावांची पिशवी होती, बेकरीतली, अजून वाफ धरलेली. पाव कुणीतरी आणलेच होते. एप्रिलचा पहिला शनिवार, किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला. पंधरा वर्षं हात आपणहून त्या खिळ्याकडे जात होता.

"मीच," ती म्हणाली. "सकाळी पाव आणायला गेले असेन. सवयीनं. माफ करा."

योखेननं तिच्याकडे बघितलं.

"गेले असेन?" हेर बेख्टोल्डच्या भुवया वर गेल्या. त्यांनी तिच्याकडे, मग कडेवरच्या बाळाकडे, मग तिच्या उलट्या घातलेल्या स्वेटरकडे पाहिलं, आणि त्यांचा आवाज जरा उतरला. "बरं. लहान मूल आहे घरात. होतं असं. आता इतक्या लांब आलोच आहे, तर तीन तास थांबतो. पण किल्ली माझ्यासमोर राहील."

अशी किल्ली स्वयंपाकघरातल्या टेबलावर येऊन पडली. हेर बेख्टोल्ड तिच्यासमोर बसले. सिल्केनं कॉफी टाकली, वेणीचा गोड पाव कापला. योखेननं विक्रीचा छापील करार आणून टेबलाच्या कडेला ठेवला, वर पेन. मार्लेनेनं पाहुण्यांचा टॉर्च मागून घेतला आणि ती टेबलाखाली गेली.

"दुसरी किल्ली?" हेर बेख्टोल्डनी विचारलं.

"कागदपत्रांच्या फाइलमध्ये आहे," योखेन म्हणाला. "देतो सगळं एकदम."

सिल्के डाळ शिजत ठेवायला वळली, तेव्हा हन्नेस रडायला लागला. हेर बेख्टोल्डनी हात पुढे केले. "आणा इकडे. दोन मुली वाढवल्यात मी." बाळ त्यांच्या मांडीवर बसलं आणि चष्म्याची दोरी चोखू लागलं.

"तुमच्या मुलींना काय वाटतं?" सिल्केनं विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

"हसतात. धाकटी म्हणते, बाबा, यात बसायला वाकता येईल, उठताना कुणाला फोन करणार?" ते स्वतःच हसले. "बायको बोलत नाही. तिनं डोक्याला बांधायला रुमाल घेतलाय मात्र. मी पाहिला, कपाटात लपवलेला."

सिल्केनं मान हलवली. डाळीत तेजपान टाकलं. रुमाल कसा असेल, याचा विचार करावासा वाटला पाहिजे असं तिला वाटलं. तिनं विचार केला. निळा असेल. बस, एवढंच.

"तुम्हाला जड जात असेल," हेर बेख्टोल्ड म्हणाले.

"नाही."

"म्हणायला काय जातं! मी समजू शकतो."

"नाही, खरंच," सिल्के म्हणाली. "काही वाटत नाही." ते ज्या तऱ्हेनं गप्प झाले, त्यावरून आपण हे जरा जास्तच खरं बोललो असं तिच्या लक्षात आलं. तिनं त्यांच्या कपात पुन्हा कॉफी ओतली.

योखेन खिडकीपाशी उभा राहून ऐकत होता. थोड्या वेळानं "कचऱ्याचा डबा बघून येतो" म्हणून बाहेर गेला.

तिनं कांदा चिरला. बारा वाजून गेले होते. आणखी दोन तासांत बॉनेट थंड होईल, गाडी पहिल्या फिरकीत सुरू होईल, ते ऐकतील, बोट फिरवून बघतील, कागदावर सही होईल. सही तिला करायची होती. गाडी तिच्या नावावर होती. ती सही करेल आणि मग मुलांना श्पेट्झलेच्या शेवया आणि डाळ वाढेल. सगळं अगदी सोपं दिसत होतं. आपण सव्वीस वर्षांच्या असताना हे ऐकून काय केलं असतं, हे तिला आठवत होतं. ज्या माणसाच्या बाबतीत हे घडलं असतं ते माणूस मात्र लांबच्या नात्यातलं वाटत होतं.

तेवढ्यात अंगणापलीकडून इंजिनाचा आवाज आला.

दोघांनी एकदमच टेबलाकडे बघितलं. किल्ली जागेवरच होती. हन्नेसनं चष्म्याची दोरी तोंडातून सोडली. बाहेर इंजिन एकदा मोठ्यानं गरजलं, मग खाली आलं आणि त्याच्या ठरलेल्या लयीत चालू राहिलं.

"ही तीच गाडी?" हेर बेख्टोल्डनी विचारलं.

"हो."

त्यांनी कप बशीत ठेवला. बाळाला सिल्केकडे दिलं, टेबलाखाली वाकून मार्लेनेकडून टॉर्च घेतला, पिशवीत टाकला. गॅरेजपाशी सगळे पोचले तेव्हा योखेन चालकाच्या सीटवर बसला होता. दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर, गुडघे पोटाशी आलेले. उंच माणूस, या गाडीत तो कधीच नीट मावला नव्हता.

"सकाळीही तुम्हीच ना?" हेर बेख्टोल्ड म्हणाले.

योखेननं मान डोलावली.

"अहो, मग नाही म्हणायचं होतं फोनवर! शंभर किलोमीटर आलोय मी." ते क्षणभर सायलेन्सरच्या नळीमागे उभे राहिले, धुराचा रंग बघितला, आणि न राहवून म्हणाले, "स्वच्छ आहे. उत्तम गाडी आहे, तेच तर." मग सिल्केकडे वळले. "फ्राउ आइझेले, पाव छान होता. आधी तुम्ही दोघं ठरवा, मग जाहिरात द्या." ते स्वतःच्या गाडीत बसून निघून गेले. मार्लेनेनं त्यांना हात केला.

"पाव मी आणले होते," योखेन गाडीतूनच म्हणाला. "हिच्यातून. तुला माहीत होतं. तू दारात होतीस, बाळ घेऊन. मी तुला हात केला."

"मला आठवत नाही."

"मग मीच गेले असं का म्हणालीस?"

"गेले असेन असं वाटलं."

त्यानं चाकावरचे हात खाली घेतले. "सिल्के, मला गाडी विकायची नव्हती गं. मी मार्चमध्ये विषय काढला तो एवढ्यासाठी, की तू भांडशील. ताटली फेकशील. म्हणशील, बाकी सगळ्यावर बोलू. तू 'विकू' म्हणालीस. मी जाहिरात लिहिली, म्हटलं, आता तरी. तर तू टायरचा नंबर दुरुस्त केलास. एवढं कुठं ताणायचं असतं, मलाच कळेना. तो माणूस आला तरी तुझं काही नाही."

"तू मला फसवत होतास," सिल्के म्हणाली.

"हो."

"तीन आठवडे."

"हो. चीड ना माझ्यावर. चीड तरी."

सिल्केनं प्रयत्न केला. खोटं नाही, मनापासून प्रयत्न केला. तो चुकला होता, चांगलाच चुकला होता, आणि एका परक्या माणसाची शनिवारची सकाळ त्यानं वाया घालवली होती. चिडायला पुरेसं होतं ते. ती थांबून राहिली. इंजिन चालू होतं. हन्नेस तिच्या खांद्यावर डोकं घासत होता.

"येत नाहीये, योखेन," ती म्हणाली.

"ठेवू या मग गाडी?"

"माहीत नाही."

"म्हणजे विकायची?"

"तेही माहीत नाही. मला आत्ता कशाचंच काही वाटत नाही. गाडीचं नाही, तुझं नाही." तिनं हन्नेसकडे, मग मार्लेनेकडे बघितलं. "यांचंही नाही. मी सगळं करते. पण वाटत नाही. सप्टेंबरपासून. अशा वेळी मी कशावरही सही करायची नाही."

योखेन गाडीतून बाहेर यायला धडपडला, गुडघा चाकाला आपटला. त्यानं तिला जवळ घेतलं नाही, हे बरं झालं. तो शेजारी येऊन उभा राहिला.

"सुईणीनं तो कागद दिला होता ना," सिल्के म्हणाली, "बाळंतपणानंतर मन कसं आहे, त्या प्रश्नांचा. मी सगळीकडे 'कधीच नाही' अशी खूण केली. सोमवारी डॉक्टरांना फोन करायला हवा. माझ्याच्यानं होत नाही. फोन हातात घेते आणि ठेवून देते. तू कर."

"मी करतो. दवाखाना आठला उघडतो. आठलाच करतो."

"आणि ती बंद कर. पेट्रोल जळतंय."

त्यानं हात आत घालून किल्ली फिरवली. मार्लेने मधल्या शांततेत म्हणाली, "ते काका परत येणार नाहीत?"

"नाही," सिल्के म्हणाली.

योखेननं खिशातून फोन काढला, जाहिरात शोधली. अंगठ्यानं खाली-वर करत राहिला. "काढून टाकतो. पण हे विचारतंय, का काढताय. 'विकली गेली', 'विचार बदलला', 'इतर'." त्यानं वर बघितलं. "काय लिहू?"

सिल्केनं हन्नेसला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"इतर," ती म्हणाली, आणि आत गेली. डाळ खाली लागली होती.