बाभळीची रायफल

मन्मथआप्पा सुताराच्या मेटावर, म्हणजे त्याच्या कामाच्या जागी, तासायच्या वाकसाखाली ढलप्या पडाव्यात तसे किस्से पडायचे. सकाळी झाडून काढा, संध्याकाळी पुन्हा ढीग! बऱ्याच ढलप्या चुलीत गेल्या. ह्या बाभळीच्या, म्हणून टिकल्या.

अणदूरहून पायवाट धरली की आमचं गाव. राज्य निजामाचं. मेटावर रोजची बैठक ठरलेली. आप्पा काम करणार, दौलतराव पाटील तंबाखू मळणार आणि मी दोघांच्याही खोड्या काढणार. ज्याची त्याला ड्युटी!

*

पाटलाच्या म्हशीचं रेडकू मेलं. म्हैस पान्हा सोडेना. आप्पानं पांगाऱ्याच्या लाकडाचं रेडकू कोरलं, काळं केलं आणि म्हशीपुढं उभं केलं. मी हसून लोळायचा बाकी होतो. म्हशीनं हुंगलं, चाटलं, आणि धारा सुरू!

मी म्हणालो, "पाटील, दावं लावा त्याला. पळून जाईल."

मी चेष्टेनं बोललो हो. संध्याकाळी जाऊन बघतो तर पाटलानं खरंच दावं लावलेलं!

*

त्या काळी रयतेला बंदूक म्हणजे फक्त ठासणीची, आणि तीही लायसन असेल तर. पलटणीकडं असायची तसली रायफल घरात सापडली की माणूस थेट तुरुंगात. आमच्या गावात लायसन एकच, पाटलाचं, रानडुकरांसाठी. दारू ओता, ठासा, छर्रे घाला, टोपी बसवा. तोवर डुक्कर भुईमूग खाऊन ढेकर देऊन घरी!

मी एकदा विचारलं, "पाटील, आजवर किती पाडली?"

"मोजली न्हाईत."

"एक तरी?"

"तेच मोजलं न्हाई!"

*

वर्षातून एकदा ती बंदूक तालुक्याला मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, न्यावी लागायची. पाटील तिला शालीत गुंडाळून नवरीसारखी गाडीत बसवायचे. ठाण्याचे अमीनसाहेब म्हणजे पोलिसातले बडे अंमलदार, मिशा अशा की दारातून आधी मिशा यायच्या. त्यांनी नळीला डोळा लावला आणि आतून गांधीलमाशी बाहेर!

साहेब भुवई चोळत ओरडले, "ये बंदूक है के मकान?"

पाटील हात जोडून म्हणाले, "हुजूर, रिकामंच पडलं व्हतं. मग भाडेकरू ठेवला."

लायसन वाचलं. कसं वाचलं, ते साहेबांच्या सुजलेल्या भुवईला ठाऊक!

*

मग राज्याचे शेवटले दिवस आले. दिवसाढवळ्या लुटारूंच्या टोळ्या फिरू लागल्या. शेजारची वस्ती लुटली. आमच्याकडं काय? गांधीलमाशीची बंदूक!

अशात पलटणीतला एक शिपाई आमच्या विहिरीवर पाणी प्यायला थांबला. खांद्यावरची रायफल त्यानं काठाला टेकवली. आप्पा समोर बसून एकटक बघत राहिला. शिपाई पाणी प्याला, तोंड पुसलं, गेला. तेवढंच.

मी चिडवलं, "आप्पा, तिफण करता, नांगर करता. एक रायफल बी करा की!"

आप्पा हसला नाही. उठून थेट लाकडाच्या ढिगाकडं गेला.

मेटावर मग बाभूळ तासली गेली. तेल आणि काजळीनं काळी झाली. दस्ता, नळी, चाप, मागं सरकणारी दांडी, सगळं लाकडाचं. दांडी ओढली की "खट्ट!" मी हात लावला तर गार लागली. आता लाकूड गार कसं लागंल? पण लागली!

*

ती रायफल घेऊन वेशीवर मला बसवलं. गावातला सगळ्यात बिनकामाचा मीच ना! भर दुपारी ओढ्यापलीकडं घोडेस्वार दिसले. मी दांडी ओढली. खट्ट! पुढचा थांबला. मी नळी त्याच्याकडं वळवली. सगळे घोडे वळले आणि धुरळा उडवत गेले.

आत भोक नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तरी सबंध दुपार मी तिचं तोंड माझ्याकडं येऊ दिलं नाही!

*

बोभाटा झाला. अमीनसाहेब दोन शिपाई घेऊन मेटावर हजर. "फौजी रायफल किधर है?"

आप्पानं आणून दिली. साहेबांनी तोलली, दांडी ओढली, नळीला डोळा लावायला गेले आणि आधी भुवईवर हात धरला. मग बघितलं. भोक नाही! घाम पुसून म्हणाले, "लकडी है!"

पाटील पुढं झाले, "हुजूर, लाकडाला कशाचं लायसन?"

"फौजी दिसती तो फौजीच," साहेब म्हणाले. आप्पाच्या हाताला दोरी लागली. उद्या धाराशिवचा तुरुंग. पेरणी तोंडावर, गावातल्या तिफणी खिळखिळ्या, आणि आप्पाची बायको शांताकाकू दारात पदर तोंडाला लावून उभी. ज्या गाडीतून त्याला नेलं, तिची चाकं त्यानंच केलेली. एकसुद्धा कुरकुरलं नाही.

*

मी आणि पाटील मागोमाग ठाण्यात गेलो. पाटील विनवून विनवून थकले. शेवटी साहेब म्हणाले, "चलती नहीं, इसका सबूत क्या?"

आप्पा उठून भिंतीला पाठ लावून उभा राहिला. "माझ्या छातीवर धरा साहेब, आन् ओढा चाप."

साहेबांनी शिपायाला ऑर्डर दिली. त्यानं रायफल धरली, नेम घेतला, आणि खाली केली. "हुजूर, मेरे से नक्को." दुसऱ्यानं हातच मागं घेतले. मग साहेबांनी स्वतः धरली. नळीत भोक नाही, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यानं बघितलेलं! बोट चापावर गेलं. मिशा थरथरल्या.

"ओढा की साहेब," आप्पा म्हणाला. "लाकूडच हाय."

साहेबांनी रायफल अलगद खाली घेतली, जणू भरलेली आहे. "छोड दो इसको," ते म्हणाले. "और इसे मालखाने में रखो. दो ताले लगाओ."

येताना गाडीत मला राहवेना. "आप्पा, नेम छातीवर असताना भ्या न्हाय वाटलं?"

"लई वाटलं रे," आप्पा म्हणाला. "म्या केलेली व्हती न्हवं!"