पाटीवरचा तीन

बाबांची जुनी निळी मोटार विकायची ठरवली तेव्हा गिऱ्हाइकानं कारखान्याचा कागद मागितला. गाडी तयार होताना तिच्यात इंजिन कोणतं बसवलं, रंग कोणता मारला, हे लिहिलेला. खटपट करून मी त्याची नक्कल मिळवली. पानभर नुसते आकडे आणि अक्षरं. गिऱ्हाइकानंच त्या खुणांच्या अर्थांची यादी धाडली होती. ती शेजारी ठेवून मी अमरावतीच्या घरी एकेक आकडा उलगडत बसले. रंग धुरकट निळा. सीटा करड्या. सगळं बाबा सांगायचे तसंच. मजा येत होती. मग इंजिनाचा नंबर आला. शेवटी आठ.

आमच्या घरात तो आकडा तीन होता. त्या तीनापायी बाबांनी अकोल्याच्या मिस्त्रीकाकांना चोर ठरवलं होतं.

मिस्त्रीकाका म्हणजे बाबांचे जिवलग. गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही. दर दसऱ्याला ते सोनं द्यायला यायचे, जेवूनच जायचे. मी दहावीत असताना त्यांनी इंजिन उतरवून दुरुस्त केलं. गाडी आणायला मीही गेले होते. बाबांनी बोनेट उघडून इंजिनावरचा नंबर आत कारखान्यानं बसवलेल्या पितळी पाटीवरच्या नंबराशी ताडून पाहिला. इंजिनावर आठ, पाटीवर तीन. आरसी बुकातही तीनच. जुनं बुक हरवल्यावर नव्याच्या अर्जात बाबांनी स्वतःच पाटीवरून आकडा उतरवला होता, पण ते त्यांना कोण सांगणार?

"माह्यं इंजिन कोणाले इकलं?" बाबा भर गॅरेजात ओरडले. चहा पिणारी माणसं वळून पाहू लागली.

"भाऊ, पाटी झिजली असन. घासून घासून आकडा गेला."

"आता माह्या पोरीवर ढकलतं काय?"

पाटी मीच घासायचे. दसऱ्याला गाडी धुतली की चिंच आणि राख लावून पाटी लखलखीत करायची, हे आधी आईचं काम, मग माझं. बाबा शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचे. त्या दिवशी बाबांनी माझी बाजू घेतली म्हणून मी फुशारले होते. सांगायला लाज वाटते. मिस्त्रीकाका पुन्हा कधी आले नाहीत, आणि बाबा मरेपर्यंत त्यांना चोरच म्हणत राहिले.

कागद हातात घेऊन मी बोनेट उघडलं, पाटीवर भिंग लावलं. इंग्रजी आठाची डावी बाजू झिजली की तीन उरतो. ती बाजू पुसटशी दिसत होती. बाबांचा इतका राग आला की बोनेट आपटलंच. पाच मिनिटांचं काम होतं.

दुसऱ्या दिवशी एसटीनं अकोला गाठलं. मिस्त्रीकाका घराबाहेर खाटेवर बसले होते, पार वाकलेले. मी कोण ते सांगितलं, कागद पुढे धरला, आठावर बोट ठेवलं. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

"हे मले तवाच मालूम होतं. तुह्या बापाले मालूम पडलं काय?"

"नाही. ते गेले."

"मंग मले काहून दाखवून राहिली?"

मी कागदाची घडी घालू लागले.

"अजूनबी घासतं काय ते पाटी?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. गेल्याच दसऱ्याला घासली होती.