गावातल्यांना न दिसणारी मॅच

टीव्हीवर काळा पडदा आला आणि त्यावर इंग्रजीत दोन ओळी. माझी शाळा सातवीतच सुटली, पण अक्षरं लावता येतात. 'नॉट' एवढं वाचलं. वाटलं, रिमोटवर माझ्याच हातून भलतं काहीतरी दाबलं गेलं.

शेजारी चाकाच्या खुर्चीत काका, गळ्याशी नॅपकिन बांधलेला. माझ्या हातात खिमटाचा वाडगा. काका म्हणजे ताईंचे वडील. ताई सकाळी ट्रेनने मॅनहॅटनला बँकेत जातात, त्या येईपर्यंत जर्सी सिटीतल्या या चौदाव्या मजल्यावर आम्ही दोघंच. माझा नवरा खालच्याच रस्त्यावर हॉटेलात स्वयंपाकी आहे. या परक्या मुलखात ताईंनी ओळखपाळख नसताना माझ्या हातात घराची किल्ली दिली, ते मी विसरणार नाही. म्हणूनच भीती जास्त.

मागच्या हिवाळ्यात काकांना झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. कोणी भरभर बोललं तर तेही त्यांच्यापर्यंत पोचेना. राहिला तो बेसबॉल. चाळीस वर्षं एकाच टीमचा नाद, आणि बघायला शब्द लागत नाहीत. मला इंग्रजी येत नाही, त्यांना बोलता येत नाही, त्यामुळे टीव्हीसमोर आम्ही अगदी सारखे. एक गडी आऊट झाला की ते डाव्या हाताचं एक बोट वर करायचे, दोन झाले की दोन. तिसऱ्याला मूठ मिटायची, म्हणजे आता बाजू बदलली. असाच मला त्यांनी खेळ शिकवला.

आणि जेवण त्यातच व्हायचं. चेंडू टाकणाऱ्याने, म्हणजे पिचरने, हात मागे नेला की काकांचं तोंड आपोआप उघडायचं, मी चमचा सारायची. मॅच नसली की दात घट्ट. डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं, वजन असंच उतरत गेलं तर पोटात नळी घालावी लागेल. "नळी" हा शब्द ताईंनी मला स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगितला होता. तरी काकांनी तो ऐकला असावा.

त्या संध्याकाळी ताई आल्या तेव्हा वाडगा तसाच भरलेला होता. मी आधीच रडवेली.

"ताई, माझ्याकडून टीव्ही बिघडला."

"अहो मावशी, तुम्ही काही नाही केलं. मीच जुनं केबल कॅन्सल केलं ना. या ॲपवर सगळ्या मॅचेस असतात म्हणाले होते."

"मग दाखवत का नाहीत?"

"आपण या टीमच्या गावात राहतो म्हणून."

मला वाटलं थट्टा करतायत. "गावातच राहतो म्हणून?"

"हो. लोकल मॅच लोकल लोकांना या ॲपवर नाही. तिचे हक्क दुसऱ्या चॅनेलला विकलेत, आणि ते चॅनेल आपल्या बिल्डिंगला येत नाही."

आमच्याकडे जत्रेतली कुस्ती गावकऱ्यांनीच बघायची नाही म्हटलं असतं तर लोकांनी आखाडा उचलून नेला असता. मी तसं म्हटलं तर ताई हसल्या, आणि हसता हसताच खुर्चीत बसून डोळे पुसायला लागल्या.

मग उपाय सुरू झाले. खिडकीला कागदासारखी चपटी अँटेना चिकटवली. तिच्यावर बातम्या आल्या, प्रवचन आलं, स्पॅनिश मालिका आली. आपली टीम एकदाच, रविवारी. रेडिओ लावला. त्यावरचा माणूस इतका घाईत बोलायचा की काका थोडा वेळ कपाळाला आठ्या घालून ऐकत, मग डाव्या हाताने रेडिओ लोटून देत. ऑफिसातून येताना ताई रोज फोनवर केबलवाल्यांशी, ॲपवाल्यांशी बोलत, होल्डवरचं संगीत ऐकत घरात शिरत. मी पेज केली, शिरा केला, गोष्टी सांगितल्या, हात जोडले. काका मान फिरवत. रागाने नाही हो, त्यांचं मन त्यात नव्हतंच.

शेवटी ताई ऑफिसात असताना त्यांच्या भावाने, रेडमंडच्या दादांनी, माझ्या फोनवर व्हिडिओ कॉल केला. ते देशाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे त्यांना आमच्या गावची मॅच दिसते! आधी त्यांनी स्क्रीन शेअर केली, तर नुसता काळा चौकोन. मग म्हणाले, "थांबा यार, साधंच करतो," आणि त्यांच्या टीव्हीसमोर फोन उभा केला.

आमच्या फोनमध्ये त्यांची खोली, खोलीत टीव्ही, टीव्हीत मैदान, आणि मैदानात मुंगीएवढी माणसं. मी फोन काकांच्या तोंडासमोर धरला. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग एक बोट वर झालं.

"दादा, ओळखलं त्यांनी!"

"बाबा, दिसतंय ना? मावशी, भरवा, भरवा. मला मीटिंग आहे, फोन इथेच ठेवून जातोय."

मांडीवर वाडगा, एका हातात फोन, दुसऱ्या हातात चमचा. पिचरचा हात मागे जाई, काकांचं तोंड उघडे. नरड्याची गाठ खालीवर होताना मी देवाचं नाव घेत होते. निम्मा वाडगा झाला. दोन बोटं वर गेली.

पिचरने पुन्हा हात उचलला आणि चित्र तिथेच थिजलं. बारीकसं चक्र फिरायला लागलं. मी "दादा, दादा" म्हणून हाका मारल्या. त्यांच्या खोलीत कोणी नव्हतं. पुन्हा फोन लावावा तर हात मोकळा नाही, आणि चमचा खाली ठेवला तर काकांचं लक्ष उडेल.

काका त्या थिजलेल्या माणसाकडेच बघत राहिले. चेंडू आता सुटणार, या अंदाजाने त्यांनी तोंड उघडलं. मी घास दिला. त्यांनी गिळला. चेंडू अजून त्याच्या हातातच. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा घास.

मग पडदा काळा झाला. दोन बोटं तशीच वर. काकांनी माझ्याकडे बघितलं, पुढे काय झालं ते मला ठाऊक असल्यासारखं. मी काळा फोन तसाच धरून बसले. दुसऱ्या हातातल्या चमच्यातला घास निवत चालला होता.