धाकटीची प्लेट

प्रयोगशाळेत काचसामान धुता धुता थोरलीला बावीस वर्षं झाली होती. जंतू वाढवायच्या प्लेटवर बुरशी धरलेली दिसली की ती आधी कुकरमध्ये, मग मोरीत, हा तिचा नेम. जंतू मारायच्या वाफेच्या यंत्राला तिथे सगळे कुकरच म्हणत. धाकट्या जावेलाही तिनेच शब्द टाकून इथे चिकटवलं. आणि धाकटीने दुसऱ्याच महिन्यात एक प्लेट कुकरमध्ये टाकायची सोडून संशोधक मॅडमपुढे नेली.

"बुरशीच्या भोवती गोल मोकळं राहिलंय बघा. जंतू जवळ फिरकलेच नाहीत."

बुरशी स्वतःच जंतू मारणारं काहीतरी सोडत होती. मॅडम खूश झाल्या. प्लेटवर चिठ्ठी लागली, 'धाकटीची'. सासूबाईंनी चार घरी सांगितलं, "आमच्या धाकटीला नजर आहे हो." तेव्हापासून थोरलीच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबेना. अशा किती प्लेटा आपण मुकाट्याने उकळल्या, देव जाणे.

एका दुपारी खोलीत कोणी नव्हतं. नव्या प्लेटा झाकणं कलती ठेवून सुकत होत्या. थोरलीने खुंटीवरची धाकटीची किल्ली घेऊन कपाटातली ती प्लेट काढली आणि कुकरकडे निघाली. वाटेत झाकण उघडून पाहिलं. हिरवी मखमल, वर मधासारखे पिवळे थेंब. एवढंसं ध्यान आणि केवढा तोरा. तिने रागाने फूऽ केलं, हिरवी भुकटी उडाली. तेवढ्यात पावलं वाजली, तशी प्लेट मुकाट जागेवर गेली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी नव्या प्लेटांवर जंतू पसरले. आठवडा झाला आणि थोरलीला हवं ते सापडलं. पाच प्लेटांवर बुरशी आणि तिच्याभोवती मोकळी वर्तुळं. ती एक प्लेट घेऊन धावतच गेली.

"ही माझी. मी पाहिली आधी."

मॅडमनी प्लेट उजेडात धरली. "हे पिवळे थेंब... ही तर धाकटीचीच बुरशी. इथे आली कुठून? तिच्या प्लेटचं झाकण कोणी उघडलं होतं?"

धाकटीने एकदा थोरलीकडे पाहिलं, एकदा कपाटाकडे.

"मीच उघडलं, मॅडम. वास कसा येतो ते बघायला."

मॅडमनी तिला चांगलंच झापलं आणि तिच्याकडची कपाटाची किल्ली काढून घेतली.

मोरीपाशी धाकटी हळूच म्हणाली, "ताई, परत बघावीशी वाटली तर मला सांगा. झाकण न काढताही दिसते."

थोरली प्लेटा घासत राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं. आधी नुसती नजर हिची होती, आता मनाचा मोठेपणाही हिचाच.