ओढ्यावरची इर्जिक

माझे वडील, नाना, फौजेत होते तेव्हा आमच्या घरात पुरुषाचा आवाज नसायचा. देवळाली कॅम्पापासून आत, मळ्यातल्या वस्तीवर आम्ही राहायचो. आई पहाटे शेवंती तोडायची, ओल्या फडक्यात बांधायची आणि पाटी डोक्यावर घेऊन डांबरी सडकेपर्यंत चालत जायची. तिथून बसनं नाशिकच्या फुलबाजारात. ती परत येईस्तोवर ताई चूल सांभाळायची आणि मलाही. नाना वर्षातून एकदा काळी ट्रंक घेऊन यायचे. आम्हाला त्यांची सवय होत आली की त्यांची सुट्टी संपायची.

सातवीपर्यंतची शाळा वस्तीलगत होती. हायस्कूल ओढ्यापलीकडे, सडकेवर. मधली वाट उसातली, आणि पावसाळ्यात ओढा फुगायचा. न्यायला-आणायला घरात माणूस नाही म्हणून ताईची शाळा सातवीला सुटली. ती रडली नाही. पुस्तकं शेजारच्या मुलीला देऊन टाकली आणि दुसऱ्या दिवसापासून आईबरोबर फुलं तोडायला लागली. वस्तीतल्या सगळ्याच मुलींचं असं व्हायचं, त्यामुळे कुणाला त्यात काही वेगळं वाटायचं नाही.

मी सातवीत असताना नाना तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आले. नव्वदीच्या मधलं ते साल. ताई तोवर लग्न होऊन चांदवडकडे गेली होती. उन्हाळ्यात एकदा आई म्हणाली, "आता हिला बी घरीच ठेवू. बाजाराला माझ्यासंगं येईल."

नाना बशीतून चहा पीत होते. बशी खाली ठेवून म्हणाले, "एक पोरगी मी हद्दीवर असताना घरी बसली. ही माझ्या डोळ्यांदेखत बसणार नाय."

मग ते स्वतःच मला पोचवायला यायला लागले. फौजी बरोबर आहे म्हटल्यावर बाकीच्या घरांनीही मुली पाठवल्या. त्या वर्षी पाऊस बेताचाच झाला, ओढा घोट्यापर्यंत राहिला, आणि बघता बघता थंडी आली.

त्या थंडीतल्या सकाळी मला अजून झोपेत दिसल्यासारख्या दिसतात. नाना पुढे, आम्ही मागे एका रांगेत. सगळीकडे धुकं. पुढच्या मुलीच्या वेणीची लाल रिबीन तेवढी दिसायची, तीही मधूनच विरघळायची. मग पुढून नानांचा आवाज यायचा, "गिनती कर!" आणि आम्ही फौजेतल्यासारखं हिंदीत एक, दो, तीन म्हणत जायचो. आवाज कुठून येतोय ते कळायचं नाही. धुकंच आकडे म्हणतंय असं वाटायचं. लांब रेंजवर तोफांचा सराव चाललेला असायचा. तो धमाका कानाच्या आधी तळपायांना कळायचा. नाना क्षणभर थांबायचे आणि कळपातल्या घंटांमधून आपल्या गाईची घंटा ओळखावी तसे म्हणायचे, "ही आपली." परत चालायला लागायचे. मी अर्धवट झोपेत चालायचे. उसाची पानं गालाला ओली लागायची आणि बाहीला शेवंतीचा वास असायचा. शाळा कधीच येऊ नये, नुसतं असं चालत राहावं, असंही वाटायचं.

पारावरची माणसं नानांची थट्टा करायची. "काय फौजी, आज कुठला मुलूख घ्यायचा?"

"आठवीचं गणित," नाना न थांबता सांगायचे.

पुढच्या श्रावणात ओढा खरंच फुगला. नानांनी दोन्ही काठांवरच्या झाडांना दोर बांधला. तो धरून आम्ही पार व्हायचो, नाना कमरेएवढ्या पाण्यात उभे. एका सकाळी माझ्या पुढच्या मुलीचा हात सुटला. नानांनी तिला वेणीला धरून ओढलं. मुलगी वाचली, दप्तर गेलं. पाण्यावर पुस्तकाची पानं उलटताना मी बघितली, जणू कुणी सावकाश वाचत होतं.

त्या संध्याकाळी बायका आमच्या अंगणात आल्या. "भाऊजी, तुमचे उपकार हायेत. पण पोरी आता नाय जायच्या." आई त्यांच्यातच उभी होती. मला कळलं, माझीही शाळा संपली. दप्तर मी खुंटीला अडकवून ठेवलं. सकाळी डोळे उघडले की आधी ते दिसायचं. नाना रोज एकटेच ओढा ओलांडून जायचे आणि काल काय शिकवलं ते मास्तरांना विचारून यायचे.

पाणी ओसरल्यावर नानांनी ठरवलं, ओढ्यावर फरशी घालायची. पाइप टाकायचे, वर दगड बसवायचे, आणि सडकेपर्यंत पक्की वाट. त्यांनी लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या काठ्या तयार केल्या, तोफा लावताना रोवतात तशा, आणि एका डोळ्यानं बघत वस्तीच्या लिंबापासून शाळेपर्यंत एका रेषेत रोवल्या. कुणाला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे अंगणात उभं राहून शिट्टी वाजवली आणि फावडी घेऊन ओढ्यावर जमायचा हुकूम दिला. ऊन वर आलं तरी ओढ्यावर आम्ही दोघंच होतो, आणि एक कुत्रं.

आली ती मोठी आई, नानांची भावजय. हातात उपटलेली काठी.

"भाऊजी, ही तोफ माझ्या शेवंतीत कुणावर डागायची हाय?"

"वहिनी, सरळ वाट जवळची पडती."

"पडत असंल तुमच्या पलटणीला. आणि शिट्टी कुणाला वाजवता? आम्ही काय भरती झालोय? इर्जिक घाला, माणसं येतील."

नानांनी शिट्टी खिशात घातली. मिसरूड फुटायच्या वयात ते वस्ती सोडून गेले होते, इर्जिक त्यांच्या डोक्यातूनच गेली होती. इर्जिक म्हणजे एका घरच्या कामाला सगळ्यांनी यायचं, मजुरी घ्यायची नाही, त्या घरानं पोटभर जेवू घालायचं. पण बोलावणं घरोघर जाऊन, ओट्यावर बसून करावं लागतं.

मग नाना घरोघर गेले. मी त्यांच्याबरोबर होते. प्रत्येक घरी चहा झाला, आधी कांद्याचं बोलणं झालं, सूनबाईच्या माहेरचं झालं, आणि मग कुठे ओढ्याचं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "शिट्टी कुठाय?"

"खिशात हाय."

"राहू द्या तिथंच."

दिवाळीनंतर इर्जिक झाली. त्या दिवसाचं मला सलग काही आठवत नाही. पांढरं ऊन आठवतं. दगडांनी भरलेल्या बैलगाड्या एकामागून एक उतरणीला लागत होत्या आणि चाकांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा यायचा. आमच्या अंगणात येऊन नको म्हणणाऱ्या त्याच बायका घमेली हातोहात पुढे सारत होत्या. आईनं आणि मोठ्या आईनं काळ्या मसाल्याची आमटी, बाजरीच्या भाकरी आणि लापशी केली होती. पंगत ओढ्याच्या वाळूतच बसली. नाना स्वतः वाढत होते, आणि त्यांना कुणाला आग्रह करता येत नव्हता, म्हणून ते नुसतं ताट भरत होते.

वाट मात्र मोठ्या आईच्या शेवंतीला वळसा घालून गेली. संध्याकाळी नाना त्या वळणावर उभे राहून बराच वेळ बघत होते.

"वाकडी झाली," ते म्हणाले.

"वाकडी हाय म्हणून झाली तरी," मोठी आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी बाहेर आले, तर मुली दप्तरं घेऊन अंगणात उभ्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. आई आत गेली आणि खुंटीवरचं माझं दप्तर काढून तिनंच माझ्या खांद्यावर अडकवलं.

नाना पुढे कितीतरी वर्षं मुलींच्या रांगा घेऊन त्या वाटेनं चालत राहिले. आमच्या पाठच्या मुली आल्या, मग त्यांच्या पाठच्या. गुडघे गेले तेव्हा ते लिंबाखाली खुर्ची टाकून बसायचे आणि तिथूनच ओरडून गिनती घ्यायचे. आता नाना नाहीत.

मी त्या वाटेनं जाऊन दहावी झाले, नंतर नाशिकच्या कॉलेजातून बी. ए. झाले. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर, आणि हे मी कुठंही मान वर करून सांगते. फरशी झाल्यापासून आमच्या वस्तीतल्या एकाही मुलीची शाळा सातवीला सुटलेली नाही.