पुंडलीकनं आवळून ठेवलेलं हेड

कुंभारवाड्याच्या तिठ्यावर रामनगरची बस थांबली आणि दार उघडायच्या आधीच कंडक्टर खिडकीतून म्हणाला, "आप्पा, तुमचा पुंडलीक गेला. रात्री छातीत कळ आली म्हणे." मी चढलो, बसलो. खरं तेच लिहितो, मला आधी रडू आलं नाही, भीती वाटली. माझ्या जीपच्या इंजिनाचं हेड त्याच्या धातू घासायच्या मिलिंग मशीनवर आवळलेलं होतं... आणि ते अजून किती घासायचं, हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुंडलीक बेळगावात काम शिकून आला आणि रामनगरच्या रस्त्याला त्यानं पत्र्याचं वर्कशॉप घातलं, तेव्हापासून माझ्या गाडीला दुसऱ्याचा हात लागला नाही. पावसाळ्यात आमच्या भागात चिखलात जीप पळवायच्या स्पर्धा होतात. या वयातही मी स्वतः चालवतो. लोक हसतात, हसू देत. जुन्या हेडवर गाडी चढाला दम टाकायला लागली, म्हणून यंदा बाहेरचं, शर्यतीच्या गाड्यांसाठी बनवलेलं हेड घ्यायला आम्ही दोघं बेळगावला गेलो. दुकानात दोन होती. मी चकचकीत, मोठ्या तोंडाचं उचललं. पुंडलीकनं दुसरं उलटं केलं, अंगठा फिरवत बसला.

"काय बघालास एवढं?"

"याला मांस हाय. तुझं ते घासायला घेतलं तर उरणार काय? आणि मोठं तोंड हायवेला बरं, चिखलात कमी वेगातला दम लागतोय."

दुकानदारासमोर कडाकडा भांडलो आणि शेवटी त्याचंच घेतलं.

हेड म्हणजे इंजिनाचं झाकण. खालून घासलं की आतली जागा कमी होते, दाब वाढतो, गाडीला जोर येतो. जास्त घासलं तर वॉल्व्ह पिस्टनवर आपटतो आणि इंजिन जातं. मला नेहमी कटरचा अजून एक हात हवा असायचा, त्याला नको. शेवटच्या संध्याकाळीही तेच.

"अजून एक मार की."

"पुरे, आप्पा. ओढ्यात वॉल्व्ह तुटला तर तुला ओढून काढायला मीच येणार हाय."

"भितोस तू!"

 मी बस पकडायला निघालो...

दिवसकार्य झालं तरी मी वर्कशॉपात पाय टाकला नाही. काम झालेली वस्तू पुंडलीक मशीनवर ठेवत नसे, लगेच सोडवून पुसायचा. मग हे का ठेवलं? म्हणजे एक हात बाकी होता. सोडवावं तर बसवणूक परत तशीच जुळणार नाही. घासावं तर, त्याच्या मनात किती होतं? जेवण गोड लागेना. शेवटी सुमनवैनींनी, त्याच्या बायकोनं, निरोप धाडला. अळणावरचा एक माणूस मशीन भाड्यानं घेणार होता, जागा मोकळी हवी होती. तेव्हा गेलो.

"काय करू, वैनी?"

"जेवताना हे म्हणाले होते, सकाळी आप्पा येतोय, शेवटचा हात त्याच्यासमोरच मारतो. न्हाईतर जन्मभर कमी घासलं म्हणेल."

म्हणजे तो हात मारायचा बाकीच होता. किती खोल घासायचं ते ठरवणारं चाक त्यानं जिथं लावलं होतं तिथंच ठेवलं, मी हात लावला नाही. वैनी रॉकेलची बाटली घेऊन उभ्या राहिल्या. फिरत्या कटरवर रॉकेलची धार धरायचं काम कायम त्यांचंच. मी बटण दाबलं. कटर गरगरत हेडवर आला... या कडेपासून त्या कडेपर्यंत गेला... कीस पडला नाही. चिमूटभरसुद्धा नाही. परत फिरवला. नुसता आवाज.

वैनी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायला. "भावजी, घासून झालंच होतं. हे तुम्हांला नुसतं मशीन फिरवून दाखवणार होते!"

म्हणजे याआधी माझ्या हट्टापायी मारलेले ते सगळे शेवटचे हात... आता कुणाला विचारू?

तेवढ्यात अळणावरचा माणूस आला. हेड बघून म्हणाला, "आजोबा, जोर पाहिजे असेल तर अजून एक हात मारू काय? तुम्ही सांगाल तेवढं घासून देतो."

सवयीनं तोंडात 'मार' आलंच होतं. त्यानं उत्तराची वाट न बघता चाकाला हात घातला. हा खरंच घासेल, हे माझ्या ध्यानात आलं आणि मी दोन्ही तळवे हेडवर दाबून धरले.