खांबावर भोंगा नव्हता

गुंडी न्हाई! माजी गुंडी कुठंच दिसंना...

पान्याच्या टेबलाखाली बसवलीवती तिला, बिस्किटाचा पुडा हातात देऊन. वाकून बघते तर निस्ता पुडा. आन भोवतीनं सगळी पिवळी गर्दी... पळनारी पिवळी, पानी देनाऱ्या आमी बाया पिवळ्या, आन माज्या चार वर्साच्या पोरीलाबी त्यांनीच पिवळा टी-शर्ट घातलेला, पायापतोर लोंबनारा. कुठं हुडकू?

दमानं सांगते. शाळा माजी आठवीपतोर, चुकलं तर संबाळून घ्या. भुताखेताचं मला कवाच पटलं न्हाई. माहेर पाटणकडचं, पावसात रानातल्या घरात एकटी राह्यलेली बाई हाय मी. हितं ग्रुपवर तुमी लिवलेलं वाचायची आन हसायची. आता न्हाई हसत.

आमचं गाव विट्याकडनं आटपाडीला जाताना लागतं. यंदा गावात मॅरेथॉन भरवली. पैका गलाईवाल्या शेठचा. आमचं हे त्येंच्याच दुकानात कोइमतूरला सोनं गाळायच्या कामाला हाईत. म्हनून फोनवरनं हुकूम आला, "शेठचा कार्यक्रम हाय, तू न्हाई म्हनू नगं." बचत गटाच्या आमा बायास्नी फाट्यावर चिंचंखाली टेबल दिलं. साडीवरनं टी-शर्ट घातलं. गटाच्या मीटिंगमदी मॅरेथॉनचा आयोजक पोरगा म्हनला, "वैनी, पोरंबाळं घेऊन या, फोटो चांगला येतोय." हे ध्यानात ठेवा... ह्योच म्हनलावता.

मग काय धिंगाना! रस्त्यावर पांढऱ्या फक्कीनं वाट दावनारं बान काडलेलं, त्यातला फाट्यावरचा बान उलटा. लांब पळनारी आन जवळची पळनारी दोन्हीकडनं आमच्या टेबलावर आदळली. पान्याचा टेम्पो शेठच्या गाडीमागं अडकलेला. पेले हाईत, पानी न्हाई! एक जन वराडला, "फुकट टी-शर्ट घालून उभ्या ऱ्हायलाय व्हय?" माज्या जाऊबाई त्येला म्हनल्या, "आरं बाबा, घाम पी सोताचा, हितं थेंब न्हाई." दुसरा चक्कर येऊन टेबलावरच पडला. त्येला धरून बसवलं, पदरानं वारं घातलं... तेवढ्यात पोरगी गेली.

जाऊबाई चिंचंमागं बगायला पळाल्या, मी शाळंच्या मैदानाकडं. तिथं इष्टेज. शेठ माईकवर बोलत हुतं. त्या आयोजकाचा हात धरला, म्हनलं, "दादा, माजी पोरगी सापडंना. माईकवर तेवढं नाव घ्या."

"ताई, पाहुन्यांचं भाषन चाललंय. पाच मिन्टं."

"आवं, कॅनॉलला पानी सुटलंय!"

"मग पोरीकडं लक्ष तुमी ठेवायचं न्हाई का? वालंटियरनं पोरं आनायची नसत्यात."

रागानं कानशिलं तापली. माईक हिसकून घ्यावा वाटलं. पर समोर शेठ... यांची नोकरी डोळ्यापुढं आली. टाळ्या वाजत हुत्या. शेठ म्हनत हुतं, गावाची लेकरं लय पुढं जायला पायजेत. आन माजं लेकरू कुठं गेलं, ते कुनालाबी ऐकायचं नव्हतं.

तवा माज्या मागनं भोंगा वाजला. मारुतीच्या देवळाकडनं.

आमच्या गावाची रीत हाय. म्हस हरवली, कोन वारलं, नळाला पानी आलं, काय बी असूंदे, गुरवमामा देवळातनं भोंग्यावर सांगनार. आदी माईकमदी दोनदा फुंकनार, मग बोलनार. गाव हातातलं काम टाकून ऐकतंय. तसंच झालं. फू... फू... आन मग, "गावकऱ्यास्नी कळवन्यात येतंय. गुंडी कॅनॉलच्या दारावर हाय. गुंडीच्या आईनं पळत यावं."

आवाज बाईचा का गड्याचा, सांगता यायचं न्हाई. भोंग्यात समदे आवाज खरखरीतच येत्यात. मी इचार केला न्हाई. पळाले. चप्पल कुठं पडली म्हाईत न्हाई. डाळिंबाच्या बागंतनं काटं ओरबाडत कॅनॉलवर आले.

पानी अडवायच्या दाराच्या अरुंद भिंतीवर माजी पोरगी उभी हुती. लोखंडी चाकाला दोन्ही हातांनी धरून. खाली पानी नुस्तं उसळत हुतं. टी-शर्टाचा घोळ तिच्या पायात अडकलेला... एक पाऊल हाललं असतं, तर...

आडवी पडून वडली तिला. छातीशी धरली तर म्हनती, "आई, भोंग्यात माजं नाव आलं."

मी काय इचारलं नव्हतं तिला. एक शबूद न्हाई.

मागनं जाऊबाई धापा टाकत आल्या. "अगं बाई, मी हाका मारतीया आन तू बागंत घुसलीस! हितं हाय म्हनून कुनी सांगितलं?"

"भोंग्यावर सांगितलं की!"

जाऊबाई म्हनल्या, "कुठला भोंगा गं? काल सांजच्याला उतरवला न्हवं, इष्टेजवर लावायला? शिडी तूच धरलीवतीस."

व्हय... मीच धरलीवती.

येताना देवळापशी थांबले. खांब उघडा. वायरीची टोकं लोंबत हुती. देवळाला कुलूप. गुरवमामा मैदानात उपीट खात बसलेलं. म्हनले, "पोरी, सकाळपासनं मी हितंच हाय." गावात कुनीच काय ऐकलं न्हाई. आन गुंडी हे नाव? शाळंत ती आराध्या, गावात ती आराध्या. गुंडी म्हनतो ते आमी दोघं नवराबायकू, ते बी फोनवर.

त्या आयोजकानं सांजच्याला गावच्या ग्रुपवर फोटो टाकलं. "नियोजनबद्ध कार्यक्रम!" आमचाबी सकाळचा फोटो त्यात, गुंडीला कडंवर घेतलेला. खाली अंगठंच अंगठं. मी खाली लिवलं, पोरगी मरता मरता वाचली. त्यानं ते पुसून टाकलं! यांना फोन केला तर म्हनले, "गप ऱ्हा, शेठला कळंल." सासूबाई म्हनत्यात देवरुषाकडं चल. जाऊबाई म्हनत्यात, भ्यालीवतीस, कानाला भास झाला. बरं, माजा भास. पर पोरीचा?

भोंगा परत खांबावर चडवलाय. नळाला पानी आलं म्हनून वाजला, तरी मी आदी गुंडीला उचलते, मग घागरी. पुढच्या वर्सीबी पळायचंय म्हनं, यादीत माजं नाव घातलंय. इचारायला त्यो आयोजकच आलावता. दार लावून घेतलं तोंडावर.

पर रात्री डोळ्याला डोळा लागत न्हाई, ते ह्या एकाच गोष्टीनं. त्या टायमाला मला शिडी आठवली न्हाई, म्हनून मी पळाले. भोंगा तर उतरवलाय, मग ह्यो आवाज कुठला, असं मनात आलं असतं तर मी तिथंच थांबले असते. इष्टेजपशी. पाच मिन्टं.

तुमाला शिडी आठवली असती का? आन आठवली असती, तर तुमी पळाला असता का?